सदाशिवची मान्यता

आयटी पार्कने चहूबाजूंनी वेढलेलं एक गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा प्रोग्रामर राहत होता. नाव सदाशिव खुटवड. म्हणजे भोळा असं वेगळं सांगायचीही गरज नव्हती. आईबापांनी बारशालाच सोय करून ठेवली होती.

सदाशिव ज्या कंपनीत कामाला होता ती कंपनी मोठमोठ्या विमा कंपन्यांना सॉफ्टवेअर लिहून द्यायची. ते सॉफ्टवेअर एवढं अवाढव्य होतं, की त्याचं कुठलं टोक कुठे आहे हे कंपनीत कुणालाच ठाऊक नव्हतं. सदाशिवलाही नव्हतं. फरक एवढाच, की सदाशिव तसं कबूल करायचा. म्हणून सगळे त्याला बावळट म्हणायचे.

खरं सांगू का, तो आळशी नव्हता, लबाड तर मुळीच नव्हता. सांगितलेलं करायचा. अगदी सांगितलेलंच करायचा. आणि एकदा सांगितलेलं जन्मात विसरायचा नाही. अहो, माणसाने थोडं विसरावं, प्रकृतीला बरं असतं. पण ह्याचं तसं नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच होता.

त्याच गावात शैलजाताई मिरजकर राहायच्या. पन्नाशीच्या प्रोग्रामर बाई, कामात वाघीण, मनाने लोणी. त्या दर शनिवारी सकाळी एक मंडळ भरवायच्या. कंपन्याकंपन्यांतले प्रोग्रामर तिथे जमायचे आणि एकमेकांना शिकवायचे. कुणी नवं तंत्र दाखवायचं, कुणी स्वतःची फजिती सांगायचं. प्रवेश फुकट, चहा आणि क्रीमरोल ताईंकडून. नोटिशीत त्याला मीटअप म्हणत, पण ताई मंडळच म्हणायच्या, म्हणून आपणही मंडळच म्हणू.

ह्या मंडळाला जागा नव्हती. शाळेच्या वर्गात भरवलं, तर परीक्षा लागल्या. मंगल कार्यालयाच्या जेवणघरात भरवलं, तर लगीनसराई आली. एकदा तर एका कोपऱ्यात डेटाबेसवर व्याख्यान आणि दुसऱ्या कोपऱ्यात नवरीची हळद असा प्रकार झाला. वक्त्यांनाही हळद लागली. ते बिचारे तसेच पिवळ्या गालांनी बोलले. शैलजाताईंचा सगळा जीव त्या मंडळात होता. त्यांना दागिने नको होते, परदेशवारी नको होती. मंडळाला हक्काची एक खोली हवी होती, बस्स.

आणि ते जमायची चिन्हं दिसत होती. अष्टेकर साहेब म्हणून एक मोठे कंपनीमालक होते. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर एक सभागृह धूळ खात पडलं होतं. साहेब म्हणाले, "शैलजाबाई, तुमचं काम ऐकून आहे. वार्षिक मेळाव्याला मी येतो. चार माणसांत तुमचं मंडळ कसं दिसतं ते बघतो. बरं वाटलं, तर सभागृह तुमचं."

तेव्हापासून ताईंना दुसरं काही सुचेना.

अशात एका शनिवारी सदाशिव मंडळात आला. त्याच्या कंपनीतल्या साहेबांनीच पाठवला होता, "जा, काहीतरी शिकून ये" म्हणून.

ताईंनी विचारलं, "काय काय येतं तुला?"

सदाशिव म्हणाला, "सांगाल ते."

ताईंना उत्तर फार आवडलं. ज्याला येत नाही त्याच्यासाठीच मंडळ असतं, असं त्यांचं मत होतं. मत चांगलंच आहे हो. पण ते बाळगायला छाती लागते.

ताईंनी त्याला एक ऑनलाइन कोर्स लावून दिला. म्हणाल्या, "ह्यातले मास्तर फार छान शिकवतात. लक्ष देऊन ऐक. विचारतील त्याची उत्तरं दे."

व्हिडिओ सुरू झाला. मास्तर म्हणाले, "नमस्कार! कसे आहात सगळे?"

सदाशिव उठून उभा राहिला. "मी बरा आहे. सगळ्यांचं माहीत नाही."

"छान!" मास्तर म्हणाले. सदाशिवला माणूस आवडला.

थोड्या वेळाने मास्तर म्हणाले, "इथपर्यंत समजलं?"

"नाही."

"उत्तम! मग पुढे जाऊ या."

सदाशिव गोंधळला. पुन्हा थोड्या वेळाने मास्तरांनी विचारलं, "हे तर अगदी सोपं आहे, नाही का?"

"नाही हो. अवघड आहे."

"शाबास!" मास्तर म्हणाले आणि निघून गेले.

ताईंनी विचारलं, "झाला का कोर्स?"

"झाला. पण ताई, त्यांचं काही खरं नाही. मी नाही म्हटलं की ते शाबास म्हणतात."

ताई हसल्या. पहिलीच वेळ होती, म्हणून हसल्या. म्हणाल्या, "अरे वेड्या, असं त्यांच्याशी बोलत बसायचं नाही. समजलं नाही तर थांबवायचं. जिथून समजलं नाही तिथून पुन्हा सुरू करायचं. फार भरभर वाटलं तर वेग कमी करायचा. रटाळ भाग आला तर वगळायचा. सगळं आपल्या हातात असतं."

"चुकलं माझं," सदाशिव म्हणाला. "आता लक्षात ठेवीन."

आणि त्याने लक्षात ठेवलं.

पुढच्या शनिवारी मंडळात वाकणकर सर आले. सर म्हणजे या धंद्यातलं मोठं प्रस्थ. जुनं, अगडबंब सॉफ्टवेअर तोडून त्याची लहान लहान सॉफ्टवेअरं कशी करायची, यावर ते बोलणार होते. आढेवेढे घेऊन घेऊन आले होते. जागा नव्हतीच, म्हणून एका बँकेच्या वरच्या मजल्यावरच्या गच्चीत मांडव घातला होता.

सर उभे राहिले. "मित्रहो, एक गोष्ट सांगतो आणि विषयाला हात घालतो," म्हणाले. गोष्ट सांगितली, एक विनोद केला, लोक हसले. मग विषयाला हात घातला.

सदाशिवला समजेना. तो शांतपणे उठला, सरांजवळ गेला आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबा," तो म्हणाला.

सर थांबले. त्यांना वाटलं, खाली आग लागली की काय.

"मित्रहोपासून," सदाशिव म्हणाला.

सरांना काही उमगेना. पण पाहुणा माणूस, दुसऱ्याच्या गावात. त्यांनी पुन्हा 'मित्रहो' म्हटलं. गोष्ट सांगितली. विषयाशी आले. सदाशिवने पुन्हा खांद्यावर हात ठेवला. "पुन्हा. आणि जरा सावकाश."

सर सावकाश बोलले.

"अजून सावकाश. अर्ध्या वेगाने."

"मि...त्र...हो..." सर म्हणाले. पुढच्या रांगेतली एक बाई पदर तोंडाला लावून बसली.

ह्या खेपेला सरांनी गोष्ट थोडक्यात उरकली. सदाशिवने त्यांना अडवलं. "मघाशी इथे एक विनोद होता."

सरांनी मान खाली घालून विनोद केला. कुणी हसलं नाही. मग सर आपल्या कंपनीबद्दल दोन शब्द सांगायला लागले, तेव्हा सदाशिव म्हणाला, "हे वगळू या."

सरांनी पिशवी उचलली आणि ते जिना उतरून गेले. सदाशिव वरून वाकून म्हणाला, "मित्रहोपासून?" पण सरांनी मागे वळून पाहिलं नाही.

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे सदाशिवा, तो जिवंत माणूस होता! जिवंत माणूस बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही. काहीही झालं तरी गप्प बसायचं. त्यांचं संपलं की टाळ्या वाजवायच्या. मग उभं राहायचं, आपलं नाव सांगायचं, छान झालं म्हणायचं आणि मग प्रश्न विचारायचा. अशी रीत असते."

"चुकलं माझं. आता लक्षात ठेवीन."

सोमवारी सदाशिव कंपनीत गेला. त्याच्या शेजारी शेलार बसायचा. हा शेलार हुशार, मंडळातही यायचा, आणि काम करताना स्वतःशी मोठ्याने बोलायची त्याला सवय होती.

आता मुलांनो, एक गोष्ट समजून घ्या. अशा कंपनीत माहितीच्या दोन कोठ्या असतात. एक खरी, तिच्यात गिऱ्हाइकांचं खरं सगळं असतं, नावगाव, विमा, हप्ते. दुसरी सरावाची, तिच्यात सगळं खोटं. दोन्ही दिसायला सारख्या. कुणी केल्या सारख्या? शहाण्यांनीच केल्या. सरावाच्या कोठीत खुशाल मोडतोड करावी. खरीला हात लावला की मेलात.

शेलार म्हणाला, "चला, ही सरावाची कोठी. फार कचरा झालाय. सगळं उडवून टाकू."

सदाशिवने पडद्यावर पाहिलं. वर कोपऱ्यात लिहिलं होतं, 'खरी'. सदाशिवला स्पष्ट दिसलं. पण जिवंत माणूस बोलत होता.

"ही यादी उडवली," शेलार म्हणाला. सदाशिव गप्प.

"ही पण उडवली. आता शेवटची. हा, विचारतंय, नक्की उडवू का? अरे, नक्की म्हणजे काय, नक्कीच!"

सदाशिवने ओठ घट्ट मिटून घेतले. शेलारने कळ दाबली, खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला, "संपलं!"

सदाशिवने टाळ्या वाजवल्या. मग तो उभा राहिला.

"नमस्कार. माझं नाव सदाशिव खुटवड. आपण फार छान काम केलंत. माझा एक छोटासा प्रश्न आहे."

"काय रे?"

"ती खरी कोठी होती ना?"

त्यानंतर कंपनीत जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. फोन वाजायला लागले. साताऱ्याच्या एका आजोबांना विमा कंपनीने कळवलं, की तुमचा विमा नाही, आणि आमच्या माहितीप्रमाणे तुम्हीही नाही. आजोबा फार संतापले. नशीब एवढंच, की दुसऱ्या इमारतीत कालची कॉपी होती. ती आणून सगळं परत जागेवर ठेवलं, तेव्हा कुठे आजोबा पुन्हा अस्तित्वात आले.

शेलारने सगळं मंडळात येऊन सांगितलं. लोक म्हणाले, "ताई, ह्याला आता येऊ देऊ नका." पण ताईंनी सदाशिवला जवळ बोलावलं.

"अरे, अशा वेळी ओरडायचं असतं रे. पण ते तुला कधी जमायचं? मी तुला मूळची गोष्ट सांगते. आपण वाचलो कशामुळे? कॉपी होती म्हणून! रोज दिवस संपला की कॉपी काढून ठेवायची. एक कंपनीतल्या थंड खोलीत, एक लांब कुठेतरी. मग आज काही बिघडलं, तर कालचं आणून जागेवर ठेवायचं. कुणाला कळतसुद्धा नाही."

"चुकलं माझं. आता लक्षात ठेवीन."

मग मंडळाची दोन दिवसांची कार्यशाळा आली, एका कंपनीच्या इमारतीत. हातात लॅपटॉप घेऊन, करत करत शिकायचं. दुरून दुरून माणसं येणार होती. सदाशिवला कामाशिवाय ठेवलं तर तो काहीतरी काम शोधून काढील, अशी ताईंना भीती वाटली. म्हणून त्यांनी त्याला जेवणाच्या टेबलाशी उभं केलं. वाढण्यात काय चुकणार?

पहिल्या दिवशी मटकीची उसळ होती, मसालेभात होता, मठ्ठा होता. माणसं बोटं चाटत राहिली. दिवस संपला. सदाशिवने एका डब्यात सगळ्याची कॉपी काढली आणि डबा घेऊन तो थंड खोलीकडे गेला. थंड खोली म्हणजे जिथे सर्व्हर ठेवतात ती. तिथला रखवालदार म्हणाला, "मटकी आत न्यायची नाही." सदाशिवने फार सांगून पाहिलं. रखवालदार अडाणी नव्हता, पण हट्टी होता. मग सदाशिवने लांबची कॉपी तेवढी ठेवली. पलीकडच्या इमारतीच्या आवारात त्याची स्कूटर होती. तिच्या डिकीत.

दुसरा दिवस उजाडला. ऊन कडकडीत पडलं. आणि नेमकी त्या दिवशी आचाऱ्याची उसळ करपली. आचारी डोकं धरून बसला. "आता लोकांपुढे काय ठेवू?"

सदाशिव शांत होता. आजचं बिघडलं होतं. तो स्कूटरकडे गेला, कालचं घेऊन आला आणि जागेवर ठेवलं.

डिकीतलं प्रत्येकाला चमचा चमचाच आलं, पण पुरलं. कुणाला कळतसुद्धा नाही असं ताई म्हणाल्या होत्या, ते खरं झालं. जेवताना तरी कुणाला कळलं नाही. दुपारच्या सत्राचा विषय होता, एकाच वेळी पुष्कळ जणांच्या मागण्या आल्या तर त्यांची रांग कशी लावावी. त्याचं प्रात्यक्षिक स्वच्छतागृहासमोर झालं. रांग लावायला कुणी थांबलं नाही.

बातमी अष्टेकर साहेबांपर्यंत गेली. त्यांनी ताईंना फोन केला. "शैलजाबाई, तुमच्याकडे माणसं शिकायला येतात ना? मग ती पोटं धरून का गेली?" ताईंनी कशीबशी समजूत घातली. साहेब म्हणाले, "बरं. मेळावा बघू आणि मग ठरवू." फोन ठेवला तेव्हा ताईंचे डोळे भरले होते. सभागृह हातातोंडाशी आलं होतं, आणि आता मटकीवरून जातंय की काय असं झालं होतं.

सदाशिव समोरच उभा होता. ताई त्याला म्हणाल्या, "अरे, लोकांपुढे काही ठेवायच्या आधी ते तपासून बघावं की नाही? आपण सॉफ्टवेअर लिहिलं की काय करतो? चाचणी घेतो. वाकवून बघतो, आपटून बघतो, मुद्दाम मोडायचा प्रयत्न करतो. जे टिकतं तेच लोकांना देतो. आपल्यासमोर मोडलं तर बरं. लोकांसमोर मोडलं तर अब्रू जाते."

"चुकलं माझं. आता लक्षात ठेवीन."

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सगळे पळापळीत होते. साहेबांना द्यायचं स्मृतिचिन्ह दुकानात तयार होऊन पडलं होतं. आणायला कुणी रिकामं नव्हतं. ताईंनी सदाशिवकडे पाहिलं, दुसरीकडे पाहिलं, पुन्हा सदाशिवकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जा बाबा. दुकानातून घे आणि मला आणून दे. एवढंच कर."

स्मृतिचिन्ह फार सुरेख होतं. जाड काचेचं, आत साहेबांचं नाव कोरलेलं. सदाशिव ते घेऊन आला आणि पायरीवर बसला. आधी त्याने ते वाकवून पाहिलं. वाकलं नाही. पाण्यात बुडवून पाहिलं. टिकलं. उन्हात ठेवलं, हलवलं, उलटं केलं. टिकलं. सदाशिवला त्याचा अभिमान वाटला. मग राहिलेली एकच चाचणी त्याने घेतली.

आवाज ऐकून ताई धावत आल्या. पायरीवर काचाच काचा. साहेबांचं नाव एकीकडे आणि आडनाव दुसरीकडे.

"ताई, आधीच सापडलं म्हणून बरं," सदाशिव म्हणाला. "लोकांसमोर मोडलं असतं." आणि त्याने साहेबांसाठी आणून ठेवलेली शाल हातात घेतली.

शाल ताईंनी हिसकावून घेतली. तोवर एका टोकाची चाचणी झाली होती.

आता मात्र सगळे चिडले. शेलार म्हणाला, "ताई, उद्या ह्याला घरी कोंडा. पाया पडतो तुमच्या." ताईंचाही धीर सुटला होता. त्या पायरीवरच बसल्या. पण सदाशिवचं तोंड इतकं उतरलं होतं, की त्यांना त्याला जा म्हणवेना.

"हे बघ सदाशिवा," त्या म्हणाल्या, "आता शेवटचं सांगते. तुझ्या मनाने काही करू नकोस. आपल्यात कुणी कोड लिहिला, की तो तसाच पुढे जातो का? नाही. दोघांना दाखवायचा. दोघांनी नीट बघून 'मान्य' म्हटलं, की मगच पुढे. मी वरिष्ठ आहे, पण माझाही कोड दोघांनी मान्य केल्याशिवाय जात नाही."

"ज्याचं काम त्याने स्वतःच मान्य म्हटलं तर?"

"चालत नाही. स्वतःच्या कामाला स्वतः मान्यता द्यायची नाही."

"आणि समजलं नाही, पण भिडेखातर मान्य म्हटलं तर?"

"ते तर सगळ्यांत वाईट! समजल्याशिवाय कधी मान्य म्हणायचं नाही. समोर कुणीही असो."

"कुणीही?"

"कुणीही."

"लक्षात ठेवीन," सदाशिव म्हणाला. ताईंना बरं वाटलं. ही शिकवण कुठेही लावली तरी नुकसान होणार नाही, असं त्यांना वाटलं. मलाही वाटलं असतं.

मेळावा त्याच सभागृहात भरला. साहेबांनी एका दिवसापुरतं उघडून दिलं होतं. जाळी काढली, पंखे पुसले, दाराला झेंडूचं तोरण लावलं. गावातले, गावाबाहेरचे सगळे प्रोग्रामर आले. भाषणं चांगली झाली. एका मुलीने असं काही करून दाखवलं की लोक खुर्चीवरून उठून बघायला लागले. कुणाचं पोट दुखलं नाही, काही फुटलं नाही. शैलजाताई एका खांबाला टेकून सगळं बघत होत्या. हे पंखे, ह्या भिंती उद्यापासून आपल्या मंडळाच्या होतील, ह्या विचाराने त्यांना हसूही येत होतं आणि रडूही येत होतं.

सदाशिव रंगमंचावर होता. त्याच्या हातात ताट दिलं होतं. ताटात शाल, नारळ आणि बाजारातून घाईने आणलेला तांब्याचा कलश. नारळ, कलश आणि शाल साहेबांना दिली, शाल फाटकी बाजू आत दुमडून. कुणाच्या लक्षात आलं नाही. ताट रिकामं झालं.

अष्टेकर साहेब बोलायला उभे राहिले. खूश दिसत होते. म्हणाले, "मी पुष्कळ समारंभ पाहिले. पण एकमेकांना फुकट शिकवणारी इतकी माणसं एका जागी कधी पाहिली नव्हती. शैलजाबाई, हे सभागृह आजपासून तुमच्या मंडळाचं. ही घ्या किल्ली."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मोठ्या थाटात सदाशिवच्या ताटात ठेवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई डोळे पुसत पुढे आल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

सदाशिवने ताट मागे घेतलं.

"थांबा," तो म्हणाला. "मान्यता कुठे आहे?"

"कसली मान्यता?" साहेबांनी विचारलं.

"दोघांची. दोघांनी मान्य म्हटल्याशिवाय काही पुढे जात नाही. कुणीही असो."

साहेबांना गंमत वाटली. तुमच्या धंद्यातला विनोद दिसतोय, म्हणाले आणि समोर वळले. "काय मंडळी, म्हणा बघू कुणीतरी दोघं मान्य!"

आता इथे दुसरी कुठलीही माणसं असती, भाजीवाले असते, वकील असते, तरी काम झालं असतं. सगळे एका सुरात मान्य म्हणून मोकळे झाले असते. पण समोर बसले होते प्रोग्रामर. प्रोग्रामरला कुणी म्हटलं, हे जरा बघून मान्य कर, की त्याचा हात आपोआप चष्म्याकडे जातो.

तिसऱ्या रांगेतून एक जण उठला. "माझी हरकत नाही. पण 'आजपासून' म्हणजे आत्तापासून की रात्री बारापासून?"

"मंडळ म्हणजे नक्की कोण?" दुसरा म्हणाला. "नाव नोंदवणारे की प्रत्यक्ष येणारे? दोन्हींत फार फरक आहे."

"किल्ली एकच दिसतेय," शेलार म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? "हरवली तर?"

"कल्पना चांगली आहे," मागून कुणी म्हणालं, "पण एकदम एवढं मोठं देऊ नका, तपासता येत नाही. तुकड्या-तुकड्याने द्या. आधी खुर्च्या द्या. त्या नीट चालल्या तर मग पंखे. भिंती शेवटी."

"आणि ह्याला सभागृह का म्हणायचं? नाव चुकलंय. दालन म्हणा."

"दालन? दालन कुणी म्हणतं का हल्ली? कक्ष म्हणा!"

ह्या नावावरून उजव्या बाजूची माणसं डाव्या बाजूच्या माणसांशी भांडायला लागली. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी घड्याळात पाहिलं.

ताई ओरडल्या, "मान्य! अरे, मला मान्य आहे!"

"ताई, तुमचं नाही चालत," सदाशिव हळूच म्हणाला. "काम तुमचंच आहे."

"बरोबर आहे त्याचं," पहिल्या रांगेतून दोघंतिघं म्हणाले. नियम म्हणजे नियम.

शेवटी मागच्या दाराशी उभी असलेली एक मुलगी भुकेने कंटाळून म्हणाली, "माझ्याकडून मान्य. जेवायला चला."

एक मान्यता झाली. आणखी एक हवी होती. शेलार म्हणाला, "मी देतो, पण दुसरी किल्ली करून दिली तर." अटीची मान्यता सदाशिवने धरली नाही. साहेबांचा ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला होता. ताईंनी सगळीकडे पाहिलं. मग त्यांनी सदाशिवसमोर हात जोडले.

"सदाशिवा, तू म्हण रे. बाळा, तू म्हण मान्य. तूच म्हण."

सदाशिवचं ताईंवर फार प्रेम होतं. सगळ्यांनी हाकलून द्या म्हटलं तेव्हा ह्या एका बाईने त्याला जवळ बसवून घेतलं होतं. त्यांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं, तर त्याने फक्त कुठल्या विहिरीत एवढंच विचारलं असतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ताई," तो म्हणाला, "मला अजून नीट समजलं नाही. भिडेखातर म्हणू का?"

"नको," अष्टेकर साहेब म्हणाले. "सावकाश समजून घे." त्यांनी ताटातली किल्ली उचलून खिशात टाकली, ताईंना नमस्कार केला आणि ते गेले.

फाटकाशी त्यांना हास्यक्लबचे एक काका भेटले. साहेबांनी गाडीची काच खाली करून विचारलं, "सभागृह हवंय का?" काका म्हणाले, "हो." साहेबांनी किल्ली दिली. एवढ्यावर काम झालं.

आत अजून दालन की कक्ष हे चाललंच होतं. मग जेवण आलं, तेव्हा थांबलं. माणसं जेवली, एकमेकांना पुन्हा भेटू म्हणाली, आणि पांगली. तोरण उतरवलं. खुर्च्या एकावर एक रचून झाल्या. शैलजाताई उरलेल्या एका खुर्चीवर एकट्याच बसल्या होत्या. रडून रडून त्यांचं नाक लाल झालं होतं.

सदाशिव जेवला नव्हता. तो रंगमंचाच्या पायरीवर ताट मांडीवर घेऊन बसला होता आणि साहेब जे बोलले ते एकेक शब्द घेऊन बघत होता. सभागृह. आजपासून. तुमच्या मंडळाचं. किल्ली. कुठे अडलं, तर तो शब्द बाजूला ठेवून पुढच्याकडे जायचा आणि पुन्हा मागे यायचा. कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने असं केलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग तो उठला. त्याचा चेहरा एकदम उजळला होता. तो ताईंजवळ आला.

ताईंनी वर पाहिलं. "काय रे?"

"समजलं, ताई," सदाशिव म्हणाला. "सगळं नीट बघितलं. एक चूक नाही. माझ्याकडून मान्य."

आणि त्याने रिकामं ताट ताईंच्या पुढे धरलं.